विंडोज टाकताना डेटाचा ड्राइव्ह फॉरमॅट झाला? फायली परत मिळवण्याचा क्रम

कॉम्प्युटर रेंगाळतो म्हणून नवीन विंडोज टाकून घेतलं, चालू करून बघितलं तर डी ड्राइव्ह रिकामा. त्यात टॅलीची कंपनी, स्कॅन करून ठेवलेली खरेदीखतं, मुलांचे फोटो. सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत दुकानं असोत, कुपवाड एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप असोत की मिरजेतले फोटो स्टुडिओ, ही तक्रार वर्षभर येत राहते आणि मार्चअखेरीला तिची धार वाढते. बऱ्याच वेळा डेटा परत मिळण्याजोगा असतो. पण तो वाचवायला निघालेल्या माणसाच्याच हातून पहिल्या दोन तासांत त्याची वाट लागते.

म्हणून पहिलं काम: कॉम्प्युटर बंद करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर डाउनलोड करू नका, ड्रायव्हर टाकत बसू नका, अपडेट चालू देऊ नका. गेलेली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. जोडल्यावर 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश आला तर कॅन्सल. 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तरी कॅन्सल. त्यातून चालणारं चेकडिस्क हे विंडोजचं साधन बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं, आणि आपल्याला हव्या असलेल्या तुटक्या नोंदी त्यातच पुसल्या जाण्याचा धोका असतो.

खरंच फॉरमॅट झालाय का, हे आधी बघा

तुमच्या मशीनच्या मूळ सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का? फॉरमॅट न करता जुन्यावरच विंडोज टाकलं असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधलं सगळं त्यात 'युजर्स'खाली पडलेलं असतं. अपग्रेडनंतर विंडोज १० आणि ११ हे फोल्डर १० दिवसांनी आपोआप काढून टाकतात, त्यामुळे दिसल्या दिसल्या कॉपी करून घ्या. दुसरी गोष्ट, नव्या विंडोजमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदलतात. आधीचा डी आता ई किंवा एफ झालेला असतो, किंवा त्याला अक्षरच मिळालेलं नसतं. डिस्क मॅनेजमेंट उघडून आकारावरून ओळखा. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते.

तुमच्या हातात काय उरलंय, ते तीन गोष्टींवरून ठरतं

पहिली गोष्ट, क्विक फॉरमॅट झाला की फुल. विंडोज सेटअपमधला फॉरमॅट क्विक असतो, आणि राइट क्लिक करून केलेल्या फॉरमॅटमध्येही क्विकची खूण आधीपासून केलेली असते. काही सेकंदांत उरकला असेल तर तो क्विकच. त्यात फायलींच्या नोंदींचा तक्ता नव्याने मांडला जातो, मजकूर जागेवर राहतो. फुल फॉरमॅटला १ टीबीच्या हार्ड डिस्कवर काही तास लागतात, आणि विंडोज व्हिस्टापासून तो संपूर्ण ड्राइव्हवर शून्यं लिहितो. एक्सपीच्या काळात फुल फॉरमॅट नुसते खराब सेक्टर तपासायचा, म्हणून 'फुल फॉरमॅटमधूनही सगळं आलं' असे जुने अनुभव ऐकायला मिळतात. ते आता लागू नाहीत. फुल फॉरमॅट मध्येच थांबवला असेल तर जिथवर पोचला तिथवरचं गेलं, पुढचं शिल्लक आहे.

दुसरी गोष्ट, हार्ड डिस्क की एसएसडी. इथेच बहुतेकांची निराशा होते. एसएसडीवर क्विक फॉरमॅट केला तरी विंडोज ७ पासून ट्रिमची आज्ञा जाते, म्हणजे 'हा सगळा भाग आता मोकळा समज' असं ड्राइव्हला कळवलं जातं. त्यानंतर तिथलं वाचायला गेलं की ड्राइव्ह बहुधा शून्यंच परत देतो. जुन्या यूएसबी एन्क्लोजरमधून जोडलेल्या एसएसडीपर्यंत ही आज्ञा अनेकदा पोचत नाही, तेव्हा आशा ठेवायला जागा असते. उलट बाजूने, आताच्या अडीच इंची एक्स्टर्नल हार्ड डिस्कपैकी बऱ्याच एसएमआर पद्धतीच्या (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि त्यांतल्या काही ट्रिम स्वीकारतात. त्यामुळे हार्ड डिस्क आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

तिसरी गोष्ट, फॉरमॅटनंतर त्यावर किती लिहिलं गेलं. याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण नावं परत येणार की नाही हे त्यावरच ठरतं.

बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असलेला ड्राइव्ह विंडोजमधूनच फॉरमॅट झाला असेल तर किल्लीच्या नोंदीही पुसल्या जातात. अशा वेळी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असली तरी भरवसा धरू नये.

पाच मिनिटांत नाडी कशी बघायची

कोणतंही लांबलचक स्कॅन लावण्याआधी डिस्क उघडून नुसती बघा. त्यासाठी एचएक्सडी हा मोफत हेक्स एडिटर (डिस्कवरचा कच्चा मजकूर अंकांत दाखवणारं साधन) पुरतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा, 'ओपन डिस्क'मध्ये फिजिकल डिस्क निवडा आणि 'रीड ओन्ली'ची खूण काढू नका. मग डिस्कच्या साधारण १० टक्क्यांवर, ४० टक्क्यांवर, ७० टक्क्यांवर अशा सात-आठ ठिकाणी उडी मारून बघा.

सगळीकडे ०० ०० ०० अशाच ओळी दिसल्या तर एक तर तो भाग मुळातच रिकामा होता, नाही तर ट्रिमने किंवा फुल फॉरमॅटने पुसला गेला. डिस्क निम्म्याहून जास्त भरलेली होती आणि तरीही प्रत्येक ठिकाणी शून्यंच असतील, तर बाजारातलं कोणतंही सॉफ्टवेअर काही काढून देणार नाही. तिथे पैसे घालवू नका. उलट, अंक-अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर शिल्लक आहे. थोडं बारकाईने पाहिलं तर ओळखीच्या खुणाही सापडतात: जेपेग फोटोची सुरुवात 'एफएफ डी८ एफएफ' अशी असते, एक्सेल आणि वर्डच्या नव्या फायलींच्या आरंभी 'पीके' ही दोन अक्षरं असतात, आणि एनटीएफएस या विंडोजच्या फायली मांडण्याच्या पद्धतीत तक्त्यातली प्रत्येक नोंद '४६ ४९ ४सी ४५' ने सुरू होते. उजव्या बाजूच्या रकान्यात याच ठिकाणी रोमन लिपीतला 'फाईल' शब्द दिसतो. अशा नोंदी १,०२४ बाइटच्या अंतराने ओळीने लागलेल्या दिसल्या तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही, कारण त्यांत फायलींची नावं, तारखा आणि डिस्कवरचे पत्ते आहेत.

नावं का जातात

एनटीएफएसमध्ये फायलींचा हा तक्ता एमएफटी म्हणून ओळखला जातो. ४ केबीच्या क्लस्टरने (डिस्कवरच्या जागेचा एक ठोकळा) विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या ड्राइव्हवर तो साधारणपणे ७,८६,४३२ व्या क्लस्टरपासून, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीपासून ३ जीबीवर सुरू होतो. त्याच पार्टिशनवर पुन्हा क्विक फॉरमॅट केला की नवा तक्ता जुन्याच जागी बसतो, पण तो छोटा असतो. सुरुवातीच्या थोड्या नोंदी झाकल्या जातात, बाकीच्या तशाच राहतात.

नंतर तुम्ही त्यावर एक एक फाईल टाकत गेलात की प्रत्येक नवी फाईल जुन्या एका नोंदीवर बसते. पाच हजार फोटो कॉपी केले तर फोटोंनी व्यापलेली जागा गेलीच, शिवाय पाच हजार जुन्या फायलींचे नाव-पत्ते गेले. म्हणून सी ड्राइव्हवर नवीन विंडोज टाकल्यावर जुन्या डेस्कटॉपवरच्या फायली नावासकट मिळणं अवघड होतं. विंडोज स्वतःच लाखाच्या घरात फायली टाकतं. डी ड्राइव्ह मात्र नुसता फॉरमॅट होऊन रिकामाच राहिला असेल, तर फोल्डरची मांडणी जवळपास जशीच्या तशी परत येऊ शकते.

अपघाताचा आणखी एक प्रकार नेहमी दिसतो. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना मीडिया क्रिएशन टूलमध्ये चुकून एक्स्टर्नल हार्ड डिस्क निवडली जाते. ते टूल डिस्कवर ३२ जीबीचं 'ईएसडी-यूएसबी' नावाचं फॅट३२ पार्टिशन बनवतं आणि त्यात सेटअपच्या काही जीबी फायली टाकतं. १ टीबीपैकी पाच-सहा जीबीच गेले असं वाटतं. पण जुना एमएफटी ३ जीबीवर होता, आणि एका नोंदीला १ केबी धरला तर लाख फायलींचा तक्ता जेमतेम १०० एमबीचा. बहुतेकदा तो नेमका त्या पाच-सहा जीबींच्या पोटात जातो. मजकूर ९९ टक्के शाबूत आणि नावं मात्र नाहीत, हा प्रकार त्यामुळे होतो. रुफससारखं टूल यूएसबी हार्ड डिस्क यादीत आपणहून दाखवत नाही, त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. या कामाला तेच जास्त सुरक्षित.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्डवर वापरल्या जाणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅट या पद्धतींचं वेगळं आहे. क्विक फॉरमॅटमध्ये फॅटचा तक्ता आणि मूळ फोल्डर कोरं होतं. आतल्या फोल्डरमधली नावं, आकार आणि पहिला क्लस्टर टिकतो, पण फाईलचे पुढचे तुकडे कुठे आहेत हे सांगणारी साखळी तुटते. सलग लिहिलेला फोटो नीट येतो. तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली फाईल नाव आणि आकार बरोबर असूनही उघडत नाही.

इमेज काढणं टाळू नका

मूळ डिस्कवर स्कॅन लावण्याऐवजी तिची सेक्टर-दर-सेक्टर प्रत, म्हणजे इमेज, काढून त्या प्रतीवर काम करायचं. आमच्या मते या सगळ्या कामात टाळू नये अशी हीच पायरी, आणि घाईत हीच गाळली जाते. प्रत ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी जागा लागते. १ टीबीसाठी २ टीबीची डिस्क घ्या, म्हणजे काढलेल्या फायलीही त्यातच मावतील.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनात डिस्कची तब्येत बघा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरच्या तीन ओळींची रॉ व्हॅल्यू शून्य असेल तर डीएमडीई या रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या टूल्समधून साधी इमेज काढता येते. सी५ मध्ये आकडा दिसला तर न वाचता येणारे सेक्टर आहेत. मग विंडोजमधून काम करू नका. उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा (पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू). ते आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतं, अडलेला भाग शेवटी परत परत वाचतं, आणि मॅपफाईल (कुठवर वाचलं याची नोंद) दिली असेल तर मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. आज्ञेत आधी मूळ डिस्क, मग इमेज, मग मॅपफाईल हा क्रम आहे. पहिले दोन उलटे झाले तर उरलासुरला डेटाही पुसला जाईल. एंटर दाबण्यापूर्वी डिस्कचा आकार आणि मॉडेल नंबर मोठ्याने वाचा, शक्य तर दुसऱ्या माणसालाही वाचायला लावा.

वेळेचा अंदाज असा: सेकंदाला १०० एमबीने १ टीबीला पावणेतीन तास, यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबीने आठ-नऊ तास. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि लॅपटॉपची बॅटरी त्याला उपयोगाची नाही, म्हणून तो अडॅप्टरही यूपीएसवरच लावा. डिस्कवर टेबलफॅनचा वारा राहू द्या. तापमान ५० अंशांवर जाऊ लागलं तर थांबवून थंड होऊ द्या.

आणखी एक सावधगिरी: एक्स्टर्नल डिस्कचं प्लॅस्टिक कव्हर काढून आतली डिस्क थेट जोडायच्या फंदात पडू नका. काही मॉडेलमध्ये बाहेरच्या सर्किट बोर्डावरच एन्क्रिप्शन होतं, आणि तो बोर्ड नसेल तर डिस्कवर नुसती खिचडी दिसते.

आधी तक्ता, मग कार्व्हिंग

इंटरनेटवर पहिला सल्ला फोटोरेकचा मिळतो. क्रिस्टोफ ग्रेनिए यांचं हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ते पहिलं वापरायचं नसतं. ते तक्त्याकडे बघतच नाही. मजकुरातल्या ओळखीच्या खुणा शोधून फायली बाहेर काढतं, यालाच कार्व्हिंग म्हणतात. परिणाम असा की 'रिकपडीर' नावाच्या शेकडो फोल्डरमध्ये आकडेवजा नावांच्या लाखभर फायली पडतात, त्यात ब्राउझरमधले आयकॉनही आले. त्यातून आपलं एक खरेदीखत शोधायला आठवडा जातो. आणि टॅलीच्या बाबतीत तर त्याचा उपयोगच नाही, ते पुढे येईल.

म्हणून आधी डीएमडीई किंवा आर-स्टुडिओसारखं, जुना तक्ता वाचणारं साधन वापरा. डीएमडीई इन्स्टॉल करावं लागत नाही. क्रम असा:

१. डिस्कच्या यादीऐवजी आपली इमेज फाईल उघडा.
२. पार्टिशनच्या यादीत जुनं पार्टिशन आकारावरून ओळखू आलं तर ते उघडून बघा. नाहीच दिसलं तर 'फुल स्कॅन', आणि त्यात फाइल सिस्टिम एनटीएफएस (जुनी जी असेल ती) निवडा.
३. निकालात एकाहून जास्त व्हॉल्यूम दिसतील. नुकत्याच झालेल्या फॉरमॅटचा व्हॉल्यूम जवळपास रिकामा असतो. ज्याच्यापुढे फायलींची संख्या मोठी आहे तो तुमचा.
४. तो उघडून फोल्डरची झाडं बघा, आधी सगळ्यांत गरजेचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर काढा आणि लगेच उघडून तपासा.

मोफत आवृत्ती एका वेळी एकाच फोल्डरमधल्या ४,००० फायलींपर्यंत काढू देते, आतली फोल्डर सोबत येत नाहीत. टॅलीच्या एका कंपनीसाठी हे सहज पुरतं. फोल्डरमागून फोल्डर असे लाखभर फोटो असतील तर परवाना घेतलेला बरा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर डाउनलोड करून मशीनमध्ये रॅन्समवेअर आणू नका.

पार्टिशनच डिलीट झालं असेल, फॉरमॅट नाही, तर टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरचं काम जास्त सोपं. ॲनलाइझ, क्विक सर्च, आणि सापडलेल्या पार्टिशनवर 'पी' दाबून फायलींची यादी बघा. यादी नीट दिसली तर 'सी' दाबून कॉपी करून घ्या. 'राइट' हा पर्याय इमेज हाताशी आल्याशिवाय वापरू नका, कारण तो डिस्कवर पार्टिशन टेबल लिहितो.

या सगळ्यातून जे राहिलं, त्याच्यासाठी फोटोरेक. 'फाईल ऑप्ट'मध्ये जाऊन सगळे प्रकार काढून टाका आणि हवे तेवढेच निवडा. आलेल्या फोटोंना एक्झिफमधल्या (कॅमेऱ्याने फोटोतच नोंदवलेल्या) तारखेवरून एक्झिफटूलने नावं देता येतात. कोरल ड्रॉच्या एक्स४ पासूनच्या फायली मुळात झिपच असल्यामुळे कधी कधी झिप म्हणून येतात. छापखान्याच्या लग्नपत्रिका 'सापडत नसतील' तर झिपच्या ढिगात बघा, उघडून आत 'कंटेंट' नावाचं फोल्डर दिसलं तर एक्स्टेन्शन बदला.

टॅली आणि व्हिडिओ: दोन अवघड गिऱ्हाइकं

टॅली ईआरपी ९ मध्ये प्रत्येक कंपनीचं पाच आकडी फोल्डर असतं, जसं १००००, आणि त्यात .९०० एक्स्टेन्शनच्या अनेक फायली असतात. टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांत एक्स्टेन्शन .१८०० आहे. हा संच एकत्र, मूळ नावांनी आणि एकाच वेळचा लागतो. कार्व्हिंगने नावं येत नाहीत, आणि रोज वाढणाऱ्या या फायली डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या असल्यामुळे मजकूरही सलग मिळत नाही. त्यामुळे एमएफटी वाचला तर टॅली वाचली, असं समजा. फोल्डर काढलं की त्याची आणखी एक प्रत करा आणि प्रयोग प्रतीवरच करा. कंपनी उघडताना त्रुटी आली तर ईआरपी ९ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-आर ने रीराइट करून बघता येतं.

तेही जमलं नाही तर डिस्कवर आणखी दिवस घालवण्यापेक्षा बाहेर शोधा. वर्षअखेरीला सीएंकडे दिलेला बॅकअप, मेलमधून गेलेली कंपनी, मुनीमजींच्या पेनड्राइव्हवरची जुनी टीबीके (टॅलीच्या बॅकअपची) फाईल. त्यापुढचे महिने जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१, ई-वे बिलं आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून पुन्हा चढवता येतात. बेदाण्याच्या किंवा हळदीच्या अडतीत सौदापट्ट्यांच्या कार्बन प्रती असतील तर त्या आत्ताच बाजूला काढून ठेवा.

व्हिडिओचं दुखणं वेगळं. अनेक कॅमेरे एमपी४ मध्ये आधी चित्रण लिहितात आणि ते कसं वाचायचं याची माहिती, म्हणजे 'मूव्ह' हा भाग, शेवटी लिहितात. तुकडे झालेली फाईल कार्व्हिंगने काढली की हा शेवट हाती लागत नाही आणि ती चालतच नाही. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच रिझोल्यूशनने आणि फ्रेमरेटने काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अनट्रंक या मोफत टूलने अशा बऱ्याच फायली चालत्या होतात. स्टुडिओवाल्यांनी कार्ड कॅमेऱ्यात परत घालून 'बघू तरी' म्हणत एकही क्लिप काढू नये.

लॅबकडे कधी द्यायचं

डिस्कमधून टकटक आवाज येतो, डिस्क दिसतच नाही, किंवा आकार शून्य दाखवते, तर वीज बंद करा आणि पुढचं काहीही करू नका. क्लीनरूम (डिस्क उघडायची धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबसाठी सांगली-साताऱ्याहून पुण्या-मुंबईकडेच बघावं लागतं. देण्याआधी विचारा: इमेज काढून काम करता का? पैसे भरण्याआधी फायलींची यादी दाखवता का? तपासणीचा खर्च किती, आणि डेटा निघाला नाही तरी तो द्यावा लागतो का? उत्तरं लेखी घ्या. पाठवताना अँटीस्टॅटिक पिशवी, भोवती दोन इंच फोम, आणि खोका हलवला तर आत काही हलता कामा नये. दुकानात 'झाकण उघडून बघतो' म्हणाले तर डिस्क उचला आणि बाहेर पडा.

फायली परत आल्यावर नुसते आकार बघून समाधान मानू नका. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत अलीकडच्या फायली उघडा. एक्सेल, वर्डच्या फायली सेव्हन-झिपच्या 'टेस्ट' पर्यायाने एकगठ्ठा तपासता येतात. फोटो अर्धा राखाडी दिसला तर त्याचा पुढचा तुकडा चुकलाय. फायली रोज वापरणाऱ्या माणसाने स्वतः बघून होकार दिल्याशिवाय इमेज पुसू नका आणि मूळ डिस्क परत वापरायला काढू नका.

पुढच्या वेळी विंडोज टाकायला देताना डेटाच्या डिस्कची केबल काढूनच मशीन द्या. डिस्क एकच असेल तर डेटाच्या पार्टिशनला आतापासूनच ओळखू येईल असं लेबल द्या. सेटअपच्या यादीत डी, ई ही अक्षरं दिसत नाहीत, 'ड्राइव्ह ०, पार्टिशन ३' एवढंच दिसतं, पण लेबल मात्र दिसतं. ३२ अक्षरांपर्यंत चालतं. 'टॅली डेटा फॉरमॅट करू नका' हे रोमन लिपीत लिहिलं तरी त्यात बसतं.